हादऱ्यानंतरचा पहारा



डोक्याला मार लागलेल्या माणसाची चौकशी बहुधा दोनच प्रश्नांत आटोपते. टाके किती पडले, आणि रिपोर्ट काय आला? टाके नाहीत आणि सीटी स्कॅन नॉर्मल आहे एवढे कळले की ‘थोडक्यात निभावले’ असे म्हणून देवापुढे नारळ फोडला जातो आणि विषय संपतो. आजच्या व्याख्यानाचा विषय नेमका तिथून पुढे सुरू होतो. रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतरही ज्याच्या कपाळात ठसठसते, कानात बारीक आवाज घुमतो, उठताना पायाखालची फरशी किंचित सरकल्यासारखी वाटते आणि रात्री उशीवर डोके टेकताच स्वतःच्या काळजाचे ठोके ऐकू येतात, अशा माणसाला नेमके काय झालेले असते, आणि त्याने काय करावे?

प्रथम व्याख्या. डोक्याला किंवा शरीराला बसलेल्या जोरदार धक्क्यामुळे मेंदू कवटीच्या आत हादरतो आणि त्याचे कामकाज तात्पुरते विस्कटते, या अवस्थेला कन्कशन म्हणतात. रुग्णालयाच्या कागदावर तिची नोंद बहुधा ‘माइल्ड हेड इंज्युरी’ अशी असते. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली मांडलेल्या ग्लासगो कोमा स्केलवर, म्हणजे डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवरून ३ ते १५ असे गुण देणाऱ्या मोजमापावर, १३ ते १५ गुण मिळवणारा रुग्ण या वर्गात येतो. शुद्ध हरपली असलीच तर अर्ध्या तासाच्या आत परतते आणि आठवणीतली पोकळी एका दिवसापलीकडे जात नाही. येथे ‘माइल्ड’ म्हणजे मृत्यूच्या आणि कायमच्या अपंगत्वाच्या तुलनेत सौम्य, एवढाच अर्थ आहे. त्या माणसाच्या पुढच्या तीन महिन्यांच्या तुलनेत सौम्य, असा नाही. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली दहापैकी चारांहून अधिक दुचाकीवरची होती. दुचाकीवरून पडून, कपडे झटकून, पुन्हा किक मारून घरी गेलेले लोक या आकड्यात नाहीत. हे व्याख्यान त्यांच्याविषयी आहे.

पुढे जाण्याआधी एक इशारा देणे भाग आहे, कारण तो दिल्याशिवाय पुढचे काहीही बोलणे बेजबाबदारपणाचे ठरेल. मार लागल्यानंतर वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हापुन्हा होणारी उलटी, झटके, जागे करूनही न मोडणारी गुंगी, अडखळणारी वाचा, एका बाजूचा अशक्तपणा, दोन बाहुल्यांच्या आकारात फरक, नाकाकानातून पाझरणारा पाण्यासारखा द्रव, यांतले काहीही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत आणि वृद्धांत कवटीच्या आत हळूहळू साचणारा रक्तस्राव कधीकधी काही आठवड्यांनी डोके वर काढतो. अशी लक्षणे अंगावर काढायची नसतात. येथून पुढे जे सांगितले जाणार आहे ते या शक्यता वैद्याने तपासून दूर सारल्यानंतरचे आहे.

आता मेंदूत काय घडते ते पाहू. धक्क्याने मज्जापेशींची आवरणे ताणली जातात, पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते, ग्लुटामेट नावाचे उत्तेजक द्रव्य बेसुमार सुटते आणि हा सगळा पसारा पूर्ववत करण्यासाठी पेशींना एकाएकी भरमसाट ऊर्जा लागते. ती लागत असतानाच मेंदूचा रक्तपुरवठा मात्र मंदावलेला असू शकतो. ख्रिस्तोफर गिझा आणि डेव्हिड होव्हडा यांनी २००१ साली या साखळीचे जे वर्णन केले, ते पुढे या विषयाच्या अभ्यासाचा पाया ठरले. सीटी स्कॅनवर यातले काहीच दिसत नाही, कारण स्कॅन रचना पाहतो आणि बिघाड कामकाजात असतो. ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ ‘काही झालेले नाही’ असा नव्हे. ‘रक्तस्राव आणि मोडतोड दिसत नाही’ एवढाच तो अर्थ आहे, आणि तो अर्थातच मोठा दिलासा आहे. बहुतेक प्रौढांत लक्षणे दोन आठवड्यांच्या आसपास ओसरतात, मुलांत महिनाभर लागतो. काहींत मात्र ती महिनोन्‌महिने रेंगाळतात.

का रेंगाळतात? या ‘का’ची उत्तरे एकापेक्षा अधिक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. आंतरकर्णातला तोल सांभाळणारा भाग दुखावलेला असतो, मान मुरगळलेली असते आणि तिथून निघालेली कळ कपाळात जाणवते, डोळ्यांची जोडीने हलण्याची शिस्त बिघडलेली असते, आणि नाडी व रक्तदाब आपोआप राखणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेची घडी विस्कटल्याने नुसते उभे राहिले तरी छाती धडधडते. म्हणजे शरीरातून मेंदूकडे जाणारे संदेश खरोखरच वाढलेले आणि गढूळलेले असतात. ते कल्पित नसतात. हे वाक्य पुन्हा सांगण्यासारखे आहे: ते कल्पित नसतात. परंतु संदेश वाढणे ही कहाणीची एकच बाजू झाली. ते संदेश ऐकणाऱ्या मेंदूचे काय होते, ही दुसरी बाजू आहे, आणि तिच्याविषयी रुग्णाला सहसा कोणी काही सांगत नाही.

शरीराच्या आतून येणाऱ्या जाणिवांना, म्हणजे ठोका, श्वास, भूक, पोटातली खळबळ यांच्या बोधाला, अंतःसंवेदन म्हणता येईल. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०६ साली बाहेरून येणाऱ्या आणि आतून येणाऱ्या संवेदनांची शास्त्रीय वाटणी केली. आतल्या संवेदनांचा मेळ घालण्यात मेंदूच्या बाजूच्या घडीत दडलेल्या इन्सुला या भागाचा मोठा वाटा असतो, हे त्यानंतर बऱ्याच काळाने स्पष्ट झाले. या संवेदना अहोरात्र वाहत असतात, आणि निरोगी मेंदू त्यांतल्या बहुतेकांकडे काणाडोळा करतो. आत्ता या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणांना हे वाक्य ऐकण्यापूर्वी आपल्या जिभेची जागा, चष्म्याच्या दांडीचा कानामागचा दाब किंवा खुर्चीची कड जाणवत होती? आणि ऐकल्यानंतर किती जणांना जाणवू लागली? दोन्ही उत्तरांत जे अंतर आहे ते अवधानाने, म्हणजे लक्षाने, निर्माण केलेले आहे. शरीरात या दोन क्षणांत काहीही बदललेले नाही.

जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास या गोष्टीचा मोठ्या गमतीने पाठपुरावा केला. चित्रपटातल्या रटाळ भागांत प्रेक्षक अधिक खोकतात आणि रंगलेल्या भागांत कमी खोकतात, असे त्याला आढळले (खोकल्याचा असा हिशेब ठेवणे वक्त्यांच्या दृष्टीने मोठे अडचणीचे आहे, आणि आजच्या सभेत तो कोणी ठेवू नये अशी विनंती आहे). तसेच गोल धावपट्टीवर फेऱ्या मारणाऱ्यांपेक्षा रानवाटेने पळणारे अधिक वेगाने पळाले, पण थकवा मात्र दोघांनी सारखाच सांगितला. बाहेर पाहण्यासारखे, अडखळण्यासारखे, लक्ष गुंतवण्यासारखे काही असले की आतला आवाज आपसूक मागे पडतो. आता कन्कशनच्या रुग्णाला पहिल्या आठवड्यांत काय सांगितले जाते ते आठवावे: पडदे लावा, मोबाइल बंद, टीव्ही बंद, वाचन बंद, कोणाशी बोलू नका, पडून राहा. जगातला कंटाळवाण्यात कंटाळवाणा चित्रपट जणू त्याच्यासमोर लावला जातो, आणि पडद्यावर त्याचे स्वतःचे शरीर असते.

त्यात भीतीची भर पडते. ज्या गावात एकदा दरोडा पडला, त्या गावचा जागल्या पुढे कित्येक रात्री पाचोळा वाजला तरी आरोळी ठोकतो. त्याचे कान खोटे बोलत नसतात, पाचोळा खरोखरच वाजलेला असतो, फक्त पाचोळ्याच्या आवाजाला दरोड्याची किंमत दिली जाते. हादरा बसलेल्या मेंदूचे तसेच होते. सकाळी डोळे उघडण्याआधीच तो माणूस मनाने डोक्याची चाचपणी करतो: आज दुखते आहे का, कोणत्या बाजूला, कालच्यापेक्षा जास्त की कमी? मग पलंगावरून उठताना एक हात नकळत भिंतीकडे जातो. दात घासताना मान वाकवायची की नाही याचा विचार होतो. कुकरची शिट्टी होण्याआधीच खांदे आक्रसतात. दिवसातून अनेकदा दोन बोटे मनगटावर जाऊन नाडी मोजतात, आणि हल्ली तर बोटांचे काम मनगटावरचे घड्याळच करते, आणि जिना चढल्यावर वाढलेला आकडा दाखवून नवी शंका देते. आपल्याला अजून चक्कर येते का हे पाहण्यासाठी मुद्दाम मान झटकन वळवून पाहणारे रुग्णही असतात, आणि मान तशी वळवल्यावर कोणालाही जरा गरगरते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

ही पाळत ठेवणे म्हणजे वेडेपणा आहे का? मुळीच नाही. पहिल्या दिवसांत ती उपयोगीच असते. घरच्यांनी आणि रुग्णाने डोळ्यांत तेल घालून पाहायलाच हवे असे वैद्यही सांगतो. अडचण एवढीच की पहारा सुरू करण्याची आज्ञा सर्व जण देतात आणि पहारा उठवण्याची आज्ञा देण्याचे सर्व जण विसरतात.

या प्रश्नाचा इतिहास शिकण्यासारखा आहे, कारण त्यातल्या चुका आजही जशाच्या तशा होतात. इंग्लंडात आगगाड्यांचे अपघात वाढले तेव्हा, बाहेरून इजा नसूनही महिनोन्‌महिने त्रास सांगणारे प्रवासी पुढे आले. १८६६ साली जॉन एरिक एरिक्सन या शल्यविशारदाने हा मज्जारज्जूला बसलेल्या हादऱ्याचा परिणाम असल्याचे मांडले. १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी त्याचे खंडन करून भीतीवर आणि मनावर बोट ठेवले; पेज हे एका रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते, आणि नुकसानभरपाईचे दावे कंपनीवर होत असत, हे लक्षात घेतले म्हणजे या वादाला शास्त्राखेरीज आणखी कशाचा वास होता ते कळते. शरीर की मन, खरे की खोटे, या आखाड्यात तो वाद पुढची शंभर वर्षे खेळला गेला आणि रुग्ण मात्र आखाड्याबाहेर उभा राहिला. आजही ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य दवाखान्यात, कार्यालयात आणि सोयरिकीत ऐकू येते, आणि ते ऐकलेला रुग्ण आपला त्रास खरा आहे हे सिद्ध करण्यासाठी शरीरावर आणखी कडक पाळत ठेवू लागतो. इतके उलटे फळ देणारे वाक्य शोधून सापडणार नाही.

मग अपेक्षेचा आणि भीतीचा काही वाटाच नाही काय? आहे, आणि तो नाकारणेही तितकेच चूक आहे. डोक्याला कधीही मार न लागलेल्या लोकांना वायली मिटेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली असा मार लागल्याची कल्पना करायला सांगितली, तेव्हा त्यांनी निवडलेली लक्षणे खऱ्या रुग्णांच्या लक्षणांशी बव्हंशी जुळली. उलट खऱ्या रुग्णांनी अपघातापूर्वी आपल्याला असलेले किरकोळ त्रास वास्तवापेक्षा कमी करून सांगितले. अपघातापूर्वीही डोके दुखत असे, नावे विसरत, संध्याकाळी थकवा येई. पण हादऱ्यानंतर तो सगळा काळ सोन्याचा वाटू लागतो आणि प्रत्येक विस्मरण अपघाताच्या खात्यावर जमा होते. लिथुआनियातल्या काउनास येथे, म्हणजे अशा दाव्यांची आणि दीर्घ आजाराच्या अपेक्षेची रूढी नसलेल्या समाजात, कन्कशन झालेल्यांची तुलना शरीराला इतरत्र किरकोळ इजा झालेल्यांशी केली गेली, तेव्हा काही महिन्यांनंतर दोन्ही गटांतल्या डोकेदुखीत फारसा फरक उरला नव्हता. यावरून इतर देशांतले रुग्ण ढोंगी ठरतात काय? अजिबात नाही. अपेक्षा हीसुद्धा मेंदूचीच क्रिया आहे. मेंदू येणाऱ्या संवेदनेची वाट पाहतो, आणि ज्या संवेदनेची वाट पाहिली जाते ती मोठी होऊन येते. खरेपणा आणि वाढवलेपणा एकाच दुखण्यात सुखाने नांदू शकतात, हे एकदा मान्य केले की उपचाराची वाट मोकळी होते.

उपचाराचा पहिला भाग विश्रांतीविषयी आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन येथे ११ ते २२ वर्षे वयाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पाच दिवस कडक विश्रांती घेतलेल्यांनी एकदोन दिवस विश्रांती घेऊन हळूहळू कामाला लागलेल्यांपेक्षा अधिक लक्षणे सांगितली. बफेलो येथील जॉन लेडी यांच्या गटाने २०१९ साली किशोरवयीन खेळाडूंत दाखवले की मोजका दमछाकीचा व्यायाम करणारे साधारण १३ दिवसांत बरे झाले आणि नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणारे १७ दिवसांत. या व्यायामाची मात्रा ठरवण्याची रीत साधी आहे. ट्रेडमिलवर चढ दर मिनिटाला थोडा वाढवत नेतात, लक्षणे ठळकपणे वाढली की थांबतात, त्या क्षणीची नाडी नोंदवतात आणि रोजचा व्यायाम तिच्या खाली ठेवतात. थांबण्याच्या वेळी नाडी १४० असेल आणि ८० टक्क्यांची मर्यादा ठरवली असेल तर रुग्ण ११२ च्या आसपास राहून चालतो. २०२२ साली ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या सहमतीनेही काळोख्या खोलीचा उपदेश मागे टाकून पहिले दोन दिवस बेताची विश्रांती, मोबाइल-टीव्हीच्या पडद्यांचा कमी वापर आणि सोबत हलके चालणेफिरणे, असा सल्ला दिला.

त्या सहमतीतला एक नियम कागदावर लिहून फ्रिजला चिकटवण्यासारखा आहे. शून्य ते दहाच्या मापावर लक्षण जास्तीत जास्त दोन अंकांनी वाढले आणि तासाभराच्या आत ओसरले, तर ती हालचाल चालू ठेवण्यास हरकत नाही. हा नियम वरवर व्यायामाचा वाटतो, पण त्याचे खरे काम अर्थ बदलण्याचे आहे. त्याच्याआधी प्रत्येक ठसठस म्हणजे ‘मेंदूला पुन्हा इजा होते आहे’. त्याच्यानंतर तीच ठसठस म्हणजे ‘तीनावरून चारावर गेले, बसू या, तासाभराने पाहू’. दुखणे तेच, पण त्यावरचा मथळा बदलतो. नियम पाळणे म्हणजे मात्र दिवसभर अंक मोजत बसणे नव्हे. अंक हालचालीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा पाहायचा, आणि लक्षणांची तासातासाची वही असेल तर ती सरळ मिटून ठेवायची.

चकरेविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण पाळत सर्वांत घट्ट बसते ती तोलावर. डोक्याला मार लागल्यावर कधीकधी आंतरकर्णातले सूक्ष्म खडे जागा सोडतात आणि कूस बदलताच काही क्षण खोली गरगरते. हा प्रकार असेल तर डोके विशिष्ट क्रमाने वळवण्याच्या उपायाने तो अनेकदा एकदोन बैठकांत जातो, म्हणून आधी कानाच्या तज्ज्ञाला दाखवणे इष्ट. परंतु कानाची दुखापत बरी होऊनही काहींना उभे असताना, चालताना, मॉलमधल्या झगमगाटात महिनोन्‌महिने डोलल्यासारखे वाटत राहते, आणि त्यांच्या बाबतीत मेंदूने तोलाचे आपसूक चालणारे काम स्वतःच्या देखरेखीखाली घेतलेले असते. पाय ताठ, नजर जमिनीवर, पावले आखूड. जे काम न पाहता उत्तम होते ते पाहिल्याने बिघडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये टेरेन्स कॉथॉर्न आणि एफ. एस. कुक्सी यांनी चकरेच्या रुग्णांसाठी जी व्यायाममाला बसवली तिचे सूत्र आजही टिकून आहे. आधी पलंगावर फक्त डोळे वरखाली आणि डावीउजवीकडे. मग हातभर लांब धरलेले बोट जवळ आणताना त्यावर नजर. मग मान, प्रथम सावकाश, नंतर भरभर, नंतर डोळे मिटून. मग बसून खाली वाकायचे आणि जमिनीवरची वस्तू उचलायची. मग उभे राहून चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात, डोळ्यांच्या वरून. मग उतार, मग जिना. आणि शेवटी वाकणे, ताणणे आणि नेम धरणे ज्यात एकत्र येते असा एखादा खेळ. या क्रमाची खुबी शेवटच्या पायरीत आहे. चेंडू झेलणारा माणूस तोलाकडे पाहू शकत नाही. त्याचे डोळे चेंडूवर असतात, आणि तोल पुन्हा स्वतःच्या वाटेला लागतो.

अवधान काढून घेता येत नाही, ते दुसरीकडे गुंतवावे लागते. ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी आहे. येथे महाराष्ट्राशी निगडित एक प्रश्न हमखास विचारला जातो. सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी येथे ज्या साधनेचे केंद्र उभे केले ती विपश्यना तर शरीरातल्या संवेदनांकडेच पाहायला शिकवते. आणि १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबात-झिन यांनी सुरू केलेल्या उपचारवर्गातही पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत शरीर न्याहाळले जाते. मग हे पाहणे औषध आणि ते पाहणे आजार, असे कसे? फरक पाहणाऱ्याच्या भूमिकेत आहे. पहारेकरी संवेदनेला ‘ही कशाची खूण?’ असे विचारतो. साधक तिला काहीच विचारत नाही, ती आली, राहिली, गेली, एवढेच पाहतो. हा फरक सांगायला सोपा आणि साधायला कठीण आहे, आणि ताज्या हादऱ्यानंतर वैद्याला न विचारता दहा दिवसांच्या मौन शिबिरात जाऊन बसणे शहाणपणाचे म्हणता येणार नाही. ज्याची पाळत फार घट्ट आहे त्याने सुरुवात डोळे उघडे ठेवून, बाहेरून करावी: तळव्याखालची फरशी, रस्त्यावरचे आवाज, हातातल्या कपाची ऊब, आणि डोक्याकडे सर्वांत शेवटी, थोडा वेळ, यावे.

आता घरच्यांविषयी. ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न मायेपोटी दिवसातून पंधरा वेळा विचारला जातो आणि पंधरा वेळा त्या माणसाला आत पाहायला भाग पाडतो. त्याऐवजी ‘आज कोपऱ्यापर्यंत जाऊन आलात का?’, ‘भाजी निवडायला बसता का?’ असे विचारावे. त्याच्या वाटणीची सगळी कामे काढून घेऊ नयेत. वैद्यानेही पहिल्या भेटीत पाच मिनिटे अधिक खर्च करून कोणत्या खुणा धोक्याच्या, कोणत्या नेहमीच्या आणि बहुतेकांत ही लक्षणे ओसरतात, हे स्पष्ट शब्दांत सांगितले, तर पुढच्या कित्येक फेऱ्या वाचण्याची शक्यता असते.

राहता राहिली घसरणीची गोष्ट. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. सर्दीताप आला, दोन रात्री झोप झाली नाही, लग्नघरात डीजेच्या भिंतीशेजारी बसावे लागले, की जुनी लक्षणे पूर्ण जोमाने परततात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली असे वाटून माणूस खोलीत जाऊन पडदे ओढतो. ही नवी इजा नसते. त्या दिवशी व्यायामाची मात्रा एक पायरी खाली आणावी, ती बंद करू नये, झोपेची वेळ सांभाळावी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा आधीच्या पायरीवर यावे. डोक्याला नव्याने मार लागला असेल किंवा सुरुवातीला सांगितलेल्या खुणांपैकी एखादी दिसली, तर मात्र गोष्ट वेगळी. अन्यथा ठरलेल्या वेळी चपला घालून बाहेर पडावे, आणि त्या दिवशी कोपऱ्यापर्यंतच जाता आले तरी तेवढे पुरे समजावे.